आत्यासाठी सरकारी खर्चानं वकील मिळतो का? मदत हवी आहे (लवकर)

पऱ्हाटी: आत्या दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात आहे. पासबुक मॅनेजरच्या कपाटात. मागच्या रविवारी गेलो तर तिच्या अंगठ्याला निळी शाई. विचारलं तर म्हणे 'घेतला अंगठा', अन् गप झाली. सरकारी खर्चानं वकील मिळतो म्हणतात. कुठं जायचं? येत्या रविवारच्या आत सांगा.

निवृत्त_गुरुजी: 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचा. एसडीओकडे (उपविभागीय अधिकारी) अर्ज करा, मुलाकडून महिना 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता मिळतो. कलम 17 मध्ये तिथं वकील चालत नाही असं लिहिलंय.

पऱ्हाटी: गुरुजी, आत्याला मूलबाळ नाही. भत्ता कोण मागतंय?

वऱ्हाडी_ठेचा: मंग हे अगुदर सांगाचं ना बाप्पा! पासबुकात पैसे कायचे येतेत? आश्रम अनुदानित हाय का खाजगी?

पऱ्हाटी: श्रावणबाळ योजनेचे (म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन) महिना 1500. अनुदानाचं माहीत नाही, बोर्डावर ट्रस्ट लिहिलंय.

निवृत्त_गुरुजी: मूल नसेल तर जो नातेवाईक तिची मालमत्ता वापरतो किंवा ज्याला ती वारसानं मिळणार, त्याच्याकडूनही मागता येतं. आत्याचं वावर कोण वाहतं?

पऱ्हाटी: वावराचा इथं काही संबंध नाही.

वऱ्हाडी_ठेचा: समजलं 😀

सातासमुद्रापार: अमेरिकेत नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक राज्यात ओम्बड्समन, म्हणजे त्यांच्या तक्रारी पाहणारा अधिकारी, असतो. 1978 पासून कायद्यानंच. खर्च सरकारचा, तक्रारदाराला एक पैसा लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: त्याले इकडं धाडता का राजेहो? आमच्या गावात एसटी बी टायमावर येत नाई.

कोर्टाची_पायरी: मी विधी स्वयंसेवक आहे. तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही, दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारू नका. वकिलाची फी सरकार देतं. पण अर्ज आत्याचा पाहिजे, भाच्याचा नाही. तिला विचारलं का? आम्हाला मानधन काम केलेल्या दिवसाचंच, त्यामुळे कोणी बोलावल्याशिवाय आश्रमात सहसा कोणी फिरकत नाही. बोलवा.

निवृत्त_गुरुजी: वकील कशाला? 14567 ला फोन लावा, ज्येष्ठांचीच हेल्पलाइन आहे.

कोर्टाची_पायरी: लावा की. पण आधी आत्याला बँकेत न्या, एंट्री मारून घ्या. अंगठा कशावर घेतला तेच अजून माहीत नाही. पैसे काढायच्या स्लिपवर का स्टॅम्पपेपरवर?

पऱ्हाटी: विचारलं नाही. फोन मॅनेजरच उचलतो, अन् भेटायला गेलं की शेजारी खुर्ची टाकून बसतो.

वऱ्हाडी_ठेचा: मंग भाऊ, घरच्या बाईले संग ने. आत्याची येणी घालाच्या निमित्तानं मागच्या वट्यावर बसतीन दोघी. थो तिथं खुर्ची थोडी टाकीन!