गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी मोटारसायकल

आपण लिहिले आहे की घोडबंदर मार्गावर दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर आपली जुनी गाडी झटके देत बंद पडते, थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होते आणि प्लग बदलूनही फरक पडलेला नाही. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गाडी बंद पडताच ती रस्त्याच्या कडेला घेऊन, जवळपास कुठे आग नाही हे पाहून, पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पेट्रोल खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पुरवठा तुटतो. माझ्या कळव्यातील गाडीत हेच निघाले, तेही कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतल्यानंतर.

झाकण उघडूनही फरक न पडल्यास त्याच क्षणी प्लगची ठिणगी तपासून घ्यावी, कारण सदोष इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तापल्यावर काम थांबवते आणि थंड झाल्यावर पूर्ववत चालते. गाडी पावसात उघड्यावर राहत असेल, तर फ्लोट बाउलमधील, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील, पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तळाशी पाणी दिसते का, तेही पाहावे.