युगांडात चर्च बांधायला जाण्यापूर्वी

खानापूरहून प्रश्न:
आमच्या मंडळीतील आठ जण युगांडातील एका खेड्यात दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून चर्चच्या भिंती उभारायला जाणार आहेत. मी गवंडी असून जांभ्याच्या बांधकामात माझा हात बसलेला आहे. मात्र परदेशी कधी गेलेलो नाही. तयारी काय करावी?

बेळगावहून उत्तर:
दादा, पिवळ्या तापाची लस आधी घ्या, कारण ती प्रवासाच्या किमान 10 दिवस अगोदर टोचलेली असावी लागते आणि प्रमाणपत्राविना परतल्यास भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

निपाणीहून उत्तर:
तिकडची तांबडी माती म्हणजे तुमच्या खानापूरच्या मातीची बहीणच. तिथे पुष्कळ ठिकाणी मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या विटा वापरतात. त्यांना निदान 7 दिवस ओलावा द्यावा लागतो, तेव्हा त्या तुम्ही पोहोचण्याआधीच पाडलेल्या हव्यात, नाहीतर सगळी सेवा पाणी मारण्यातच संपेल. शिवाय आठ विमानतिकिटांच्या पैशांत तिथले किती गवंडी राबले असते, हा हिशेबही एकदा मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूरहून:
काका, हिशेब टोचला, पण पटला. तिघांनीच जावे आणि उरलेली रक्कम तिथल्या मजुरीसाठी पाठवावी, असा प्रस्ताव रविवारी मंडळीपुढे ठेवतो. विटांविषयी आजच कळवतो.