पिल्लू आहे तोवर कागदच बरा

बियर्डेड ड्रॅगनच्या (ऑस्ट्रेलियातला सरडा) पिल्लाच्या पेटीत खाली काय अंथरायचं, असं विचारलंय तुम्ही. दुकानदाराने ‘कॅल्शियमची वाळू आहे, पोटात गेली तरी पचते’ म्हणत पिशवी तुमच्या गळ्यात मारलीय, ती उघडूच नका. ओली झाली की तिचे गोळे होतात. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा तर त्याहून वाईट, कडा धारदार असतात.

वर एकांनी ‘वाळवंटातला प्राणी, वाळू हवीच’ असं लिहिलंय. पण मध्य ऑस्ट्रेलियात बियर्डेड ड्रॅगन राहतात ती जमीन पुष्कळ ठिकाणी घट्ट, चिकणमाती मिसळलेली असते. चौपाटी नव्हे ती.

तुमचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे म्हणताय, मग सध्या किचन टिश्यू किंवा कोरा कागद अंथरा. दिसायला अगदीच भिकार, पण शी पातळ आहे की घट्ट, ते लगेच कळतं. पुढे खडबडीत टाइल चालेल, नखंही घासली जातात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड मात्र नको, पाय घसरतात. मोठा झाल्यावर हौस असेल तर खत-कीटकनाशक नसलेली माती आणि धुतलेली बारीक वाळू, साधारण ६०:४०, ओली करून थापायची आणि खडखडीत सुकू द्यायची.

आणि सगळं खापर वाळूवर फोडू नका राव. पोट तुंबण्यामागे बऱ्याचदा कमी पडलेली ऊब असते. शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवा. काचेला चिकटवायचा डायल थर्मामीटर त्यासाठी कुचकामी, टेंपरेचर गन घ्या. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) आहे ना? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये.