पहिलीतल्या मुलाचं डोकं दुखतं, उलटी होते. पित्त की अर्धशिशी?

खानदेशी आई
मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. दिवाळीनंतर महिन्यातून दोन-तीनदा एकच प्रकार चाललाय. शाळेतून येतो तो गप्प. चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली काळं. कपाळावर आडवा हात फिरवून "इथं सगळीकडे" म्हणतो. मग आपणहून आतल्या खोलीत जातो, पडदा ओढतो, कुकरची शिट्टी झाली की कानांवर उशी. थोड्या वेळाने उलटी, मग गाढ झोप. दोन-तीन तासांनी उठून वरण-भात मागतो, जणू काही झालंच नव्हतं.

सासूबाई म्हणतात पित्त. मीठ-मोहरीने दृष्टही काढून झाली. ह्यांच्या मते गृहपाठ टाळायची युक्ती. पण मागच्या वेळी मामाच्या हळदीला झालं, समोर जिलबी आणि डीजे असताना कोण नाटक करेल? डोळे तपासले, नंबर नाही. मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे म्हणून शंका येते, पण माझं एकाच बाजूला ठणकतं आणि दिवसभर चालतं. एवढ्या लहान पोरांना होते का? थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ का? स्कॅन सांगतील याची धास्ती वाटते.

चौथीतलीची आई, चिंचवड
होते हो ताई, आमच्या घरात आहे. लेकीचं तर डोक्याआधी पोटापासून सुरू झालं. बालवाडीत असताना बेंबीपाशी दुखायचं, पांढरी पडायची, जेवायला नको. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. घाटात गाडी लागायची ती वेगळीच. पुढे डोकं दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पोटातली अर्धशिशीही असते, आणि गाडी लागणंही अशा मुलांमध्ये बरंच दिसतं.

आमच्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडलं ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. दुखलं त्या दिवशी चौकटीतच लिहायचे: किती वाजता, आधी काय खाल्लं, रात्री कधी झोपली, उलटी झाली का, कशाने थांबलं. डबा तसाच परत आलेले दिवस आणि दुखल्याचे दिवस शेजारी-शेजारी दिसायला लागले. त्यात उन्हातला पीटीचा तास असला की ठरलेलंच. चॉकलेट-चीज बंद करा असं सगळे सांगतात, आमच्याकडे त्याने काडीचा फरक पडला नाही. पोट रिकामं न ठेवणं आणि पाणी, एवढ्यानेच पडला. जमलं तर एकदा व्हिडिओही काढा. दवाखान्यात पोरं अगदी टुणटुणीत असतात.

बालरोगतज्ज्ञ, सांगली
मुलाला न तपासता निदान करणार नाही, पण वर्णन बरंच जुळतंय. मोठ्यांचा मापदंड लहानांना लावू नका. मुलांमध्ये बहुधा दोन्हीकडे, कपाळावर दुखतं आणि २ तासांतही आटपतं. मोठ्यांमध्ये आम्ही कमीत कमी ४ तास धरतो. "मला उजेड सहन होत नाही" असं सहा वर्षांचं मूल सांगत नाही, पडदा ओढतं. ते लक्षणातच मोजायचं. आईला अर्धशिशी असणं हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच जा. ते रक्तदाब, चाल, तोल, हातापायांची ताकद बघतील, डोळ्यांचा मागचा पडदा तपासतील किंवा तपासून घ्यायला सांगतील. हे सगळं ठीक असेल तर स्कॅनची गरज बहुधा पडत नाही.

मात्र दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, सकाळी उठल्या-उठल्या उलट्या होत असतील, आठवड्यागणिक दुखणं वाढत असेल, खोकताना किंवा वाकताना जास्त होत असेल, चालताना झोक जात असेल, नव्याने तिरळेपणा आला असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर वहीत नोंदी करत बसू नका, लगेच दाखवा. आणि झटका (फिट) येणं, एका बाजूची कमजोरी, बोलणं अडखळणं, तापाबरोबर मान ताठ होणं, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, अचानक असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.

औषधाचं म्हणाल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, वजनानुसार लिहून दिलेल्या मात्रेत, दुखायला लागल्याबरोबर द्यायचं. उलटी झाल्यावर दिलेलं पोटात टिकत नाही. ॲस्पिरिन नको. कपाटात निमेसुलाइड असेल तर तेही नको, १२ वर्षांखालील मुलांना ते देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी अजून घराघरात सापडतं. औषध आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त लागायला लागलं तर परत दाखवा, कारण सतत वेदनाशामक घेण्यानेच डोकेदुखी बळावते.

बाई, जिल्हा परिषद शाळा
वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या, तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरतं. अशा मुलाला फॅनखाली, खिडकीच्या उजेडापासून लांब बसवता येतं, मधल्या सुट्टीआधी दोन घास खाऊ देता येतात. एक सांगते, शाळा टाळणारं पोर सुट्टीची घंटा झाली की पळतं. डोकं दुखणारं बाकावर तसंच पडून राहतं. हे तुमच्या ह्यांना सांगा.

खानदेशी आई
सगळ्यांचे आभार. झोपेतून उठणं, तोल जाणं असं काही नाही. आठवून बघितलं तर बऱ्याचदा शनिवारी झालंय, सकाळची शाळा असते आणि तो नुसत्या दुधावर जातो. बुधवारी डॉक्टरांकडे नेतेय, ह्यांनाही बरोबर घेतेय. व्हिडिओचं मात्र जमेना, मोबाइल धरला की तोंड फिरवतो.

चौथीतलीची आई, चिंचवड
मग राहू द्या, स्क्रीनचा उजेडही टोचत असेल. लिहूनच न्या. आणि शनिवारी दुधाबरोबर निदान एक पोळी पोटात जाऊ दे, गूळ-तुपाची केलीत तर रिक्षात बसूनही खाईल.