खुब्याच्या ऑपरेशननंतर पट्टीच्या कडेला फोड येतात, ते टाळायचे कसे?

गुहागरची सून
सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. गेल्या पावसाळ्यात खळ्यात घसरून डावा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. टाके छान भरले, पण चिकटपट्टीच्या कडेला पाण्याचे टपोरे फोड आले आणि त्यांनीच जास्त छळलं. आता उजवा सांधा बदलायचाय. म्हणतात, "कापायची भीती नाय गो, त्या पट्टीची हाय." आधीपासून काय करावं?

निवृत्त सिस्टर, चिपळूण
ताई, असे फोड बहुतेकदा ॲलर्जीचे नसतात. ऑपरेशननंतर मांडी सुजते. पट्टी ताणून लावली असेल तर ती आकसू बघते आणि खाली कातडी फुगत असते. या ओढाताणीत वरचा पापुद्रा सुटतो, मध्ये पाणी भरतं. उतारवयात त्या पापुद्र्याची पकड आधीच कमी झालेली असते. त्यात खुबा सतत हलणारा.

वॉर्डात नव्या मुलींना मी कायम बजावायचे, पट्टी ओढू नका गं! मध्यभागी ठेवायची, मग कडांकडे हाताने नुसती बसवत जायची. त्याआधी कातडी पूर्ण सुकू द्यायची. आपल्या दमट हवेत वेळ लागतो, लागू दे.

सर्जनना गेल्या वेळचं आत्ताच सांगा, फोटो असतील तर दाखवा. सिलिकॉनची कड असलेली, अंगासोबत ताणली जाणारी ड्रेसिंग मिळेल का विचारा. महाग असते, पण भिजली-सुटली नाही तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तशीच ठेवता येते. रोज उघडून बघू नका. काढताना एका हाताने कातडी दाबून धरायची आणि पट्टी केसांच्या दिशेने, कातडीला लगटून, सावकाश सोडवायची.

मालवणी मुलगा
बाबांच्या वेळी पट्टीखाली बॅरियर फिल्म (कातडीवर सुकून पातळ संरक्षक थर धरणारा द्रव) लावलेली, फोड आले नाहीत. आई म्हणते आधी खोबरेल चोळा. चालेल?

निवृत्त सिस्टर, चिपळूण
फिल्म चांगली, फक्त टाक्यांवर नको, भोवतीच्या कातडीवर. खोबरेल अजिबात नको, पट्टी धरणार नाही आणि जखमेच्या आसपास तेल नकोच. आणि फोड आलाच तर घरी सुईने फोडू नका. आत कृत्रिम सांधा आहे, जंतू शिरले तर फार महागात पडतं. लाली पसरली, पू आला, ताप चढला तर त्याच दिवशी सर्जन गाठा.

गुहागरची सून
सिस्टर, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांना मधुमेहही आहे, तेही सर्जनना या संदर्भात सांगू ना?

निवृत्त सिस्टर, चिपळूण
सांगाच. साखर वाढलेली असली की कातडीही उशिरा भरते.