मदत हवी आहे: इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) एकच बदलू की तिन्ही?

मंडळी, गाडी 2014 ची 1.3 डिझेल, मॅन्युअल, 1 लाख 30 हजार किलोमीटर झालेली. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरते. एसी लावला की जास्तच. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून ‘धप्प’. पळताना मात्र शांत.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून झाले. इंजेक्टर तपासले, ठीक आहेत. क्लच गेल्या वर्षीचाच. मग बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडून पाहिला: इंजिन जागेवरून चांगलंच वर उचललं जातं. खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनचं पुढेमागे हलणं रोखणारा दांडा, तिन्हींपैकीच एक माउंट) रबर फाटलंय, ते डोळ्यांनी दिसतं. टायमिंग बाजूचं (गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाचं) माउंट दबून बसल्यासारखं वाटतं, गिअरबॉक्सकडचं दिसायला बरं.

उद्यमनगरातले एक मेकॅनिक म्हणतात, फाटलेलंच बदला. दुसरे म्हणतात तिन्ही बदला, नाहीतर जुन्यांमुळे नवंही लवकर जाईल. दोघांचंही पटतं, हीच अडचण!

गाडी अजून दोन-तीन वर्षं ठेवायची आहे. पंधरवड्याला आंबा घाटातून रत्नागिरीची फेरी असते, पुढची दहा दिवसांवर. खर्चाला ना नाही, पण उगाच नको. ‘वेल्डिंग करून भागवा’ हा सल्ला कृपया नको.

ज्यांनी स्वतः हे काम करून घेतलंय त्यांनी सांगा: आधी फक्त टॉर्क रॉड बदलून थरथर किती उतरते ते पाहावं का? बाजारातल्या स्वस्त माउंटचं रबर कडक असतं, त्याने आयडलची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) थरथर उलट वाढली असा कुणाचा अनुभव आहे का? आणि तोवर घाट उतरणं धोक्याचं आहे का?