शब्दचर्चा : ‘पाय दुखतो’ म्हणजे नेमकं काय दुखतं?

प्रश्न (भाषांतरकार, गिरगाव)
पायांच्या दुखण्यावरच्या रुग्णपत्रिकेचं मराठीकरण करतेय. ‘पोडियाट्रिस्ट’ला ‘पादचिकित्सक’ म्हणावं का? आणि ‘फूट’साठी सगळीकडे ‘पाय’ चालेल का?

उत्तर (फिजिओथेरपी, परळ)
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. ‘पाय’ चालणार नाही. मराठीत पाय जांघेपासून बोटांपर्यंत असतो, घोट्याखालचं ते पाऊल. पावलातही टाच, तळवा, चवडा असे शब्द आपल्याकडे तयार आहेत, ते वापरा. नुसतं ‘पाय दुखतो’ म्हटलं तर निम्मी तपासणी जागा शोधण्यातच जाते.

टाचदुखीचंच बघा. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना टाचेखाली, आतल्या बाजूला सणक येते. थोडं चाललं की कमी होते आणि बराच वेळ बसून उठलं की परत येते. हा बहुतेक वेळा तळव्याच्या पट्ट्याचा त्रास असतो. हा जाड पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जातो. पत्रिकेत ‘टाचेचं हाड वाढणे’ कृपया लिहू नका. एक्स-रेत दिसणारा तो काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही सापडतो, पण हे शब्द ऐकले की माणूस हाड कापून घ्यायच्या गोष्टी करू लागतो.

व्यायाम असा लिहा : अंथरुणातून उठण्याआधी दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला तर ताठ दोरीसारखा पट्टा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर बोटं पुरेशी ओढलेली नाहीत. भिंतीला हात टेकून पोटरी ताणताना मागच्या पायाची टाच उचलली गेली की ताण निघून जातो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फरक पडायला आठवडे लागतात, कधी महिने, हेही लिहाच.

उत्तर (मधुमेही पावलांची तपासणी, दादर)
‘कुरूप’, ‘घट्टा’ आणि ‘चामखीळ’ यांची सरमिसळ टाळा. घट्टा म्हणजे घर्षणाने पसरट जाड झालेली कातडी. कुरूप लहान असतं, मध्ये टणक खुंट असतो आणि तो आत टोचतो. बऱ्याच घरांत त्यालाच भोवरी म्हणतात. तळव्यावरची चामखीळ विषाणूची. कुरूप सरळ दाबलं की दुखतं, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. वरची कातडी खरवडली की चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिथे तुटलेल्या असतात.

ठळक अक्षरांत घ्या : मधुमेह असेल तर कुरुपाची पट्टी लावू नये. तिच्यातलं सॅलिसिलिक अॅसिड चांगली कातडीही जाळतं, आणि पाऊल बधिर असेल तर जखम झाल्याचं कळतच नाही. ‘बधिर’ आणि ‘मुंग्या येणे’ हे शब्दही वेगवेगळे ठेवा. मुंग्या आल्या की माणूस तक्रार करतो, बधिरपणाची तक्रार कोणी करत नाही. म्हणून तर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बघतात. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो कळला नाही तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजा झाल्याची जाणीव, गेलेली असते.

प्रश्न (भाषांतरकार)
‘पोटरीत गोळा येणे’ आणि ‘पोटरी भरून येणे’ एकच ना?

उत्तर (परळ)
नाही, आणि इथे चुकलं तर महागात पडतं. गोळा किंवा वांब रात्री झोपेत अचानक येतो, स्नायू दगडासारखा होतो, ताणला की सुटतो. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत मोकळी होते, ते रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. त्यात घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पुढच्या तपासण्या. उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा वाकावंच लागतं, असं असेल तर कंबरेच्या मणक्यांकडे बघतात.

उत्तर (ऑर्थोटिस्ट, वरळी)
पहिल्या प्रश्नाबद्दल. ‘पाद’ या शब्दाचा बोलीतला अर्थ आड येतो, रुग्ण तो उच्चारायला संकोचतात. ‘पाऊलतज्ज्ञ’ चांगला आहे. ‘पावलांचे डॉक्टर’ मात्र सगळीकडे खरं नाही. अमेरिकेत ही स्वतंत्र वैद्यकीय पदवी आहे आणि ते शस्त्रक्रियाही करतात, तर ब्रिटनमध्ये तो नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय आहे. मुंबईत हे काम अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि आमच्यासारखे इनसोल-चपला बनवणारे वाटून घेतात, म्हणून कोणाकडे कशासाठी जायचं ते पत्रिकेत कंसात द्या.

‘सपाट पाय’ऐवजी ‘बसकी कमान’ लिहा. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान उठून दिसली तर ती लवचीक असते, आणि दुखत नसेल तर सहसा काही करावं लागत नाही. ‘एमसीआर चप्पल’ (मायक्रोसेल्युलर रबराची) भाषांतरित करू नका, दुकानात त्याच नावाने मागावी लागते. मऊ रबराचा थर आत, कडक तळ बाहेर आणि मागे पट्टा हवाच. पट्टा नसेल तर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि चवड्यावर दाब वाढतो.

उत्तर (दादर)
एक राहिलं, ‘चिखल्या’. पावसाळ्यात ओले बूट घालून लोकलने दिवसभर फिरलं की करंगळीच्या शेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते. या शब्दाला पर्याय शोधू नका. बेचकी पुसून कोरडी करायची, तिथे खोबरेल किंवा क्रीम लावायचं नाही. ते भेगाळलेल्या टाचांना.